'सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही' कोणाला म्हणावं?

दर्यापूर: 'जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही', 'कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच' आणि 'सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही'. पोरीच्या वहीत तिन्हींपुढे एकच अर्थ आहे: मूळ स्वभाव बदलत नाही. आमच्याकडची म्हातारी माणसं मात्र एकीच्या जागी दुसरी वापरत नाहीत. फरक कुठे आहे? आणि सुंभ म्हणजे काय, हेही तिला सांगायचं आहे.

आर्वी: ताई, फरक मोठा आहे. खोड सवयीची असते, चहाडीची, उधारीची. शेपटाच्या म्हणीत नळी धरून बसलेला दुसरा माणूस लागतो, म्हणजे सरळ करू पाहणारा बाप, सासरा, मास्तर. कोणी सुधारायला गेलंच नसेल तर ती लागू होत नाही.

सुंभाच्या म्हणीत आधी जळणं हवं. सत्ता, पैसा, मान गेलेला असावा आणि तरी ताठा तसाच असावा. खुर्चीवरच्या सरपंचाला ती म्हणता येत नाही, निवडणुकीत पडलेल्याला येते. आमच्या वर्धा-नागपूर-भंडाऱ्याकडे १९५१ साली मालगुजारी गेली. गावाचा वसूल गेला, पण वाड्यासमोरून कोणी चपला घालून गेलेलं काही घरांना पुढे कितीतरी वर्षं खपत नसे. अशा घरांबद्दलच ही म्हण ऐकत मी वाढलो.

अकोट: सुंभ (सुंबही लिहितात) म्हणजे दोर. कोकणात तो नारळाच्या काथ्याचा. आपल्याकडे नारळ कुठला, आपला दोर अंबाडीचा. शेतात धुऱ्याच्या कडेने अंबाडी असायची. कोवळी असताना भाजीला, पुढे वाढली की खोडं कापून पेंढ्या नाल्याच्या डोहात कुजत घालायच्या. साल सुटली की धुऊन वाख निघायचा, आणि वाखाला पीळ देऊन दावं, कासरा, चऱ्हाट. पोळ्याला बैलांच्या अंगावर नवे दोर चढायचे ते याचेच.

आता सगळीकडे नायलॉन आहे. ते जळताना वितळून गोळा होतं, म्हणून मुलांना ही म्हण डोळ्यांनी दिसतच नाही. किराण्यातली तागाची सुतळी वीतभर घ्या, फरशीवर ठेवून पेटवा आणि विझेपर्यंत हलवू नका. राखेत पेड न् पेड तसाच दिसतो. बोट लावलं की भुगा.

उमरखेड: हे बोट लावण्याचं फार पटलं. म्हणजे उरलेला पीळ नुसता दिसायला, बळ काही नाही. पण एक विचारतो. आमच्या गावात एकाची कपाशी गेली, बैलजोडी विकावी लागली. सोयऱ्यांनी पैसे देऊ केले, त्यानं घेतले नाहीत. पारावर कोणीतरी त्याला हीच म्हण लावली. मला ते लागलं. म्हण बरोबर होती का?

आर्वी: नाही भाऊ, अजिबात नाही. पीळ दुसऱ्याला खाली लेखतो, आपलं मोठेपण समोरच्यानं अजून मानावं असं मागतो. या माणसानं कोणाकडे काहीच मागितलं नाही. त्याच्यासाठी आपल्याकडे 'मोडेन पण वाकणार नाही' आहे. पडलेल्या माणसाचा ताठा आणि पडलेल्या माणसाची आब यांत गल्लत करून म्हण वापरली की ती नुसती टोचणी होते. वहीत हेही लिहून द्या, अर्थापेक्षा ते जास्त गरजेचं आहे.

दर्यापूर: लिहिते. सुतळीही पेटवून दाखवते. आमची आजी 'जयला' म्हणायची, तेही लिहू का?

अकोट: अवश्य. वऱ्हाडीत ळचा य होतो: डोया, शाया, पोया. तसंच 'सुंभ जयला तरी पीय जात नाई'. फक्त दोन्हीकडे य ठेवा. 'जयला' लिहून पुढे 'पीळ' आलं की आपल्या कानाला ते लगेच खटकतं.