केसांच्या मुळातून होणारा कर्करोग: तो कितपत पसरतो?

प्रश्न: माझ्या काकांच्या मानेवरची गाठ साधी समजून काढली, परंतु पॅथॉलॉजीच्या अहवालात ‘पायलोमॅट्रिक्स कार्सिनोमा’ असे निदान आले. गाठ निघाल्यावरही पुन्हा शस्त्रक्रिया का सुचवली जात आहे?

प्रतिसाद १: केस घडवणाऱ्या मुळाशी असलेल्या पेशींपासून हा दुर्मीळ कर्करोग होतो आणि तो बहुधा मध्यम वा उतारवयातील पुरुषांच्या डोक्यावर किंवा मानेवर आढळतो. सूक्ष्मदर्शकाखाली, केंद्रक नाहीसे होऊन नुसती बाह्यरेषा उरलेल्या फिकट पेशी दिसतात. मात्र त्या याच जातीच्या सौम्य, म्हणजे कर्करोग नसलेल्या, गाठीतही असल्यामुळे, पेशी भोवतालच्या ऊतींत घुसल्या आहेत का, हे पाहणे निर्णायक ठरते. अहवालात काढलेल्या भागाच्या कडांविषयी काय लिहिले आहे, ते आधी वाचा. कडेपर्यंत पेशी असतील, तर गाठ त्याच जागी पुन्हा उद्भवण्याचा धोका मोठा असतो, म्हणूनच भोवतीची निरोगी त्वचाही काढतात.

प्रतिसाद २: दूरवर प्रसार तुलनेने कमी रुग्णांत होतो, पण झाल्यास लसिकाग्रंथी, फुप्फुसे आणि हाडे ही त्याची नेहमीची ठिकाणे आहेत. त्यामुळे मानेतील ग्रंथी तपासून घ्याव्यात आणि फुप्फुसांच्या स्कॅनविषयी डॉक्टरांना जरूर विचारावे.

प्रतिसाद ३: केमोथेरपीची सर्वमान्य पद्धत यासाठी अद्याप ठरलेली नाही, काही रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर रेडिओथेरपी देतात. काकांना धीर द्या, परंतु नियमित तपासणी पुढची अनेक वर्षे चुकवू देऊ नका.