मदत हवी आहे: ऑटिस्टिक मुलगा, इम्युनिटी कमी, तज्ज्ञ सुचवा

गवतीचहा: मुलगा ऑटिस्टिक. जूनपासून पाचवं अँटिबायोटिक चालू आहे. रक्तातल्या अँटिबॉडी मोजल्या: आयजीजी ५२०, आयजीए ३४, दोन्हींपुढे 'लो' छापलंय. आमचे डॉक्टर म्हणतात, वाढेल हळूहळू. ऑटिझम आणि इम्युनिटी दोन्ही कळणारं कुणी सुचवा, नाशिकहून कुठेही येऊ. 'धीर धरा' लिहायला येऊ नका.

सांडशी: वय? वजन? अँटिबायोटिक कशासाठी, कान, घसा की छाती? एक्सरेत न्यूमोनिया कधी दिसला का?

कोकमसार: गहू-दूध बंद करा आधी. ९० पदार्थांची आयजीजी टेस्ट मिळते, त्यात सगळं कळतं. सोबत गाईच्या चिकाची पावडर.

सांडशी: त्या टेस्टमध्ये मूल काय खातं एवढंच कळतं. ॲलर्जीची अँटिबॉडी आयजीई, ती वेगळी. मोजून चार पदार्थ खाणाऱ्या पोराचं दही-पोळी काढलीत तर राहिलं काय ताटात?

कोकमसार: पोट साफ तर सगळं साफ. तुम्हाला गोळ्याच दिसतात.

गवतीचहा: भांडण दुसऱ्या धाग्यावर न्या ना. वय ४ पूर्ण, १५ किलो. कान फुटतो, तीनदा झालं. एक्सरे स्वच्छ. लॅबची रेंज आयजीजी ७०० ते १६००, आयजीए ७० ते ४००.

सूक्ष्मदर्शक: ही मोठ्या माणसांची रेंज आहे, लॅबवाले डोळे मिटून छापतात. ४ वर्षांच्या मुलाला आयजीए ३४ चालतो. आयजीजी ५२० खालच्या टोकाला आहे, पण नुसत्या आकड्यावर निदान होत नाही. अँटिबॉडी काम करतात का ते बघायचं: टिटॅनस आणि न्यूमोकोकल लशींचे टायटर, म्हणजे लसीमुळे बनलेल्या अँटिबॉडीचं प्रमाण, सोबत लसीकरणाचं कार्ड. टायटर कमी आले तर बूस्टर देऊन ४ ते ६ आठवड्यांनी पुन्हा. सीबीसीत (रक्तपेशींच्या मोजणीत) टक्के नकोत, न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचे ॲब्सोल्यूट आकडे टाका. आणि हे होण्याआधी कुणी आयव्हीआयजी (शिरेतून दिलेल्या दात्यांच्या अँटिबॉडी) लावू म्हणालं तर थांबवा. दात्यांच्या अँटिबॉडी मिसळल्या की टायटर वाचता येत नाहीत. दुसरी औषधं कुठली?

हिशेबनीस: नॅशनल ट्रस्टच्या निरामय विम्यात ऑटिझम बसतो, वर्षाला १ लाखापर्यंत. अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढून ठेवा.

गवतीचहा: विम्याचं विचारलं नव्हतं, तरी धन्यवाद. औषध फक्त फिट्सचं, कार्बामाझेपिन, ८ महिने झाले. त्याचा काय संबंध?

सूक्ष्मदर्शक: अहो, हे पहिल्या ओळीत हवं होतं! कार्बामाझेपिनने पांढऱ्या पेशी घटू शकतात, काहींत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे याच अँटिबॉडीही. औषध सुरू होण्याआधीचा सीबीसी शोधा आणि दोन्ही रिपोर्ट न्यूरोलॉजिस्टसमोर ठेवा. मनाने बंद करू नका, एकदम तोडलं तर फिट्स उसळतात. पाच अँटिबायोटिकांत क्लॅरिथ्रोमायसिन किंवा एरिथ्रोमायसिन होतं का? त्यांनी कार्बामाझेपिनची रक्तातली पातळी चढते. मूल पेंगतं, झोकांड्या खातं, उलट्या करतं आणि घरात वाटतं आजारच वाढलाय.

गवतीचहा: क्लॅरिथ्रोमायसिन होतं, ऑगस्टमध्ये. तेव्हा दोन दिवस नुसता झोपून होता.

सांडशी: पुढच्या प्रत्येक डॉक्टरला हे आधी सांगा. तोंड उघडं टाकून झोपतो, घोरतो का? मग ॲडेनॉइडसाठी (नाकामागच्या गाठीसाठी) कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, कान फुटण्याचं मूळ तिथेही असतं. टाळू, हृदय किंवा कॅल्शियमची काही तक्रार असेल तर २२क्यू११ डिलीशनची (२२व्या गुणसूत्राचा तुकडा नसण्याची) तपासणी मागा. त्यात ऑटिझम आणि संसर्गाशी लढणाऱ्या टी-पेशींची कमतरता एकत्र सापडते. ते स्पष्ट होईपर्यंत जिवंत विषाणूंची लस लांबवायची की नाही, डॉक्टरांना विचारा. दोन्हींचा एकच तज्ज्ञ शोधत बसू नका, लहान मुलांचा इम्युनोलॉजिस्ट गाठा. परळला वाडिया हॉस्पिटलमध्ये तो विभाग आहे. जवळच केईएमच्या आवारात आयसीएमआरची इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था, तिथे लिम्फोसाइट सबसेट (टी-पेशींसारख्या प्रकारांची वेगवेगळी मोजणी) होतात.

गवतीचहा: घोरतो! रक्त काढताना चौघांनी धरावं लागतं, त्याचं काय?

सूक्ष्मदर्शक: कातडी बधिर करणारं लिडोकेन-प्रिलोकेनचं मलम डॉक्टरांना विचारून घ्या. जाड थर, वर पारदर्शक पट्टी, सुई टोचायच्या तासभर आधी. दोन्ही कोपरांच्या खळग्यांत लावा, पहिल्या हाताला शीर सापडेलच असं नाही. पट्टी ओढून काढताना तो ओरडेल, म्हणून चिकटपट्टीचा सराव घरी आठवडाभर आधी.