महिनाअखेर: वाचलेलं, सोडलेलं आणि ठरवलेलं

महिना संपताना ‘काय वाचलं?’ असं विचारलं की लोक याद्या देतात. पुस्तकाचं नाव, पुढे साडेतीन तारे, संपलं. त्या यादीवरून माणसाचा महिना कसा गेला याचा काही पत्ता लागत नाही. म्हणून या वेळी नावं नकोत. कसं वाचलंत, कुठे अडलात, काय अर्ध्यावर सोडलंत आणि एक तारखेला जे ठरवलं होतंत त्याचं पुढे काय झालं, ते लिहा. ध्येय वाचनाचंच हवं असंही नाही. चालणं, लिहिणं, झोप, काहीही चालेल. यशोगाथांची सक्ती नाही!

सुरुवात मीच करते. माझं ध्येय एका ओळीचं होतं: रात्री फोन दुसऱ्या खोलीत आणि उशाशी पुस्तक. फोन गेला, पुस्तक आलं, पण वाचन काही पुढे सरकेना. उशाशी होतं ते जाड, वैचारिक पुस्तक. दोन पानांत डोळे मिटायचे आणि दुसऱ्या रात्री पुन्हा तीच दोन पानं. आता ते सकाळी टेबलावर असतं आणि रात्रीसाठी कथासंग्रह. एक कथा झाली की दिवा बंद. सकाळच्या पंधरा मिनिटांत ते जाड पुस्तक असं काही पळायला लागलं की विचारू नका. फोन हद्दपार केल्याचा खरा फायदा मात्र वाचनापेक्षा झोपेला झाला. तो ठरवलेल्यात नव्हता, तरी जमेला धरतेय.

रात्रपाळीची परिचारिका

‘रोज रात्री अर्धा तास’ वगैरे आमच्यासारख्यांना लागू होत नाही. ड्यूटी बदलली की माझी रात्र सकाळी सुरू होते. म्हणून वाचन घड्याळाला न बांधता प्रवासाला बांधलं. जाता-येता कानात श्राव्य पुस्तक.

आता कुणीतरी म्हणणारच, ऐकणं म्हणजे काही वाचणं नव्हे. नसेल बापडं. पण ज्यांना वाटतं की हा पटकन उरकायचा मार्ग आहे, त्यांच्यासाठी एक हिशेब. मार्क ब्रिसबार्ट या मानसशास्त्रज्ञाने 2019 मध्ये इंग्रजी वाचनावरच्या 190 अभ्यासांचे आकडे एकत्र केले. मोठी माणसं मनातल्या मनात कथा-कादंबरी वाचतात ती मिनिटाला साधारण 260 शब्दांनी आणि माहितीपर मजकूर 238 शब्दांनी. मोठ्याने वाचताना हाच वेग 183 वर येतो. म्हणजे पुस्तकासोबत जास्त वेळ ऐकणाराच काढतो.

वेग दीडपट करून बघितला. माहितीचं पुस्तक निभावलं. कादंबरीत मात्र मजा गेली. एका ठिकाणी मुलगी वडिलांचं पत्र उघडते आणि निवेदिका क्षणभर थांबते. दीडपटीत ते थांबणं उरलंच नाही, पत्र बिलाच्या पावतीसारखं वाचून झालं. मागे जाऊन मूळ वेगात पुन्हा ऐकलं.

अडचण एकच, खुणा करता येत नाहीत. वाक्य आवडलं की उतरल्यावर फोनमध्ये बोलून ठेवते. या धाग्यासाठी त्या नोंदी ऐकल्या तर निम्म्यांत नुसते हॉर्न आणि त्यामागे मी काहीतरी पुटपुटतेय. तरी ज्या दोन-चार कळल्या, त्यांच्याबरोबर ती संध्याकाळ जशीच्या तशी आठवली. वहीतल्या नोंदीने हे कधी झालं नव्हतं.

निवृत्त गणित शिक्षक

पुस्तकांचा आकडा हे वाचनाचं सर्वांत फसवं माप, असं माझं स्पष्ट मत आहे. आयुष्यभर आकडे शिकवलेला माणूस हे म्हणतोय, म्हणून लक्ष द्या! चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञांनी 1975 मध्ये चलनविषयक धोरणाबद्दल एक निरीक्षण मांडलं. पुढे ते सगळ्याच क्षेत्रांत सांगितलं जाऊ लागलं: मोजमापालाच उद्दिष्ट केलं की ते मोजमाप म्हणून निकामी होतं. ‘महिन्याला इतकी पुस्तकं’ असं ठरवून पाहा. हात आपोआप पातळ पुस्तकांकडे जातो आणि ज्या ग्रंथासाठी निवृत्तीची वाट पाहिली तो फळीवरच राहतो.

म्हणून या महिन्यात मी पुस्तकं मोजली नाहीत. प्रकरण संपलं की पुस्तक मिटायचं, कोरा कागद घ्यायचा आणि आठवेल ते लिहायचं. मग पुस्तक उघडून ताडून बघायचं. फार मानहानीचा कार्यक्रम आहे. एका इतिहासाच्या पुस्तकातला सरदाराच्या घोड्याचा किस्सा कागदावर तपशीलवार उतरला, अगदी घोड्याच्या रंगासकट. तो किस्सा लेखकाने कोणत्या मुद्द्यासाठी सांगितला होता, तिथे कागद कोरा. किस्से राहतात, युक्तिवाद गळतो. हे ध्यानात आल्यापासून वाचतानाच समासात पेन्सिलीने ‘हे कशासाठी?’ असं लिहितो.

विसरण्याचं दुःख करू नये म्हणा. हेर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग करून 1885 मध्ये निष्कर्ष छापले. निरर्थक अक्षरसमूह पाठ करायचे आणि ठरावीक काळाने तेच पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात ते मोजायचं. तासाभराने ही बचत निम्म्याखाली आली, दिवसाने एक तृतीयांशावर आणि महिन्याने जवळपास एक पंचमांशावर. म्हणजे मोठी गळती पहिल्याच दिवशी होते, पुढे ती मंदावते. अर्थपूर्ण मजकूर यापेक्षा बरा टिकतो, पण कागद त्याच दिवशी का लिहायचा याचं उत्तर यात आहे. आणि नुसतं पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून लिहिणं का बरं, तेही तपासलं गेलंय. रोडिगर आणि कार्पिक यांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांच्या एका गटाला उतारा पुन्हा वाचायला दिला आणि दुसऱ्याला न बघता लिहायला लावला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र लिहिणाऱ्यांना सुमारे 56 टक्के आठवत होतं आणि वाचणाऱ्यांना 42. पुन्हा वाचल्यावर ‘येतंय की आपल्याला’ असं वाटतं ना, तो वाटण्याचा भाग जास्त असतो.

प्रबंध लिहिणारा

काका, तुमचा कोरा कागद मी उचलतोय. माझं सगळं वाचन सध्या शोधनिबंधांचं, आणि त्यात पिवळ्या हायलाइटरने रंगवलेलं पान म्हणजे समजलेलं पान असं आम्ही धरून चालतो.

माझं ध्येय वाचनाचं नव्हतं, लिहिण्याचं होतं. वाचन हाच माझा टाळाटाळीचा मार्ग आहे. ‘अजून एक संदर्भ बघतो आणि मग लिहितो’ म्हणत दिवस जातो, वर काम केल्याचं समाधानही मिळतं. ‘रोज लिहीन’ असले संकल्प पूर्वीही केलेत. या महिन्यात ‘जर-तर’ पद्धत वापरली. पीटर गोलविट्झर यांनी 1999 च्या लेखात ती नीट मांडली आहे: नुसतं ‘अमुक करीन’ नाही, तर ‘अमुक प्रसंग आला की तमुक करीन’ असं आधीच बांधून ठेवायचं. माझं वाक्य: लॅपटॉप उघडला की मेलच्या आधी कालचा शेवटचा परिच्छेद उघडायचा आणि त्याखाली एक वाक्य लिहायचं. एकच. ते बरेचदा फालतू असायचं. पण फालतू वाक्य तसंच ठेवून मेल उघडवत नाही, हात शिवशिवतात, आणि दुरुस्त करता करता परिच्छेद होतो. प्रकरण पूर्ण नाही झालं. मार्गदर्शकांना दाखवण्याजोगं झालं, आणि गेल्या महिन्यात ते तेवढंही नव्हतं.

तीन वर्षांच्या लेकीची आई

मी काय सांगू? महिनाभर एकच पुस्तक वाचलंय. हत्तीचं. रोज. कधी सलग तीनदा. हत्ती तळ्यावर जातो, तळं आटलेलं असतं, पुढचं मला झोपेतही म्हणता येईल. एखादा शब्द गाळला तर ‘आई, नीट वाच’ असा दम मिळतो.

नवं पुस्तक दाखवून पाहिलं, त्यावर ती चक्क बसली. मग शोधाशोध केली तर कळलं की या हट्टाला आधार आहे. जेसिका हॉर्स्ट आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये तीन वर्षांच्याच मुलांवर अभ्यास केला होता. काहींना त्याच गोष्टी पुन्हा पुन्हा वाचून दाखवल्या, काहींना वेगवेगळ्या. नवे शब्द दोन्ही गटांच्या कानांवर सारख्याच वेळा पडले होते, पण लक्षात राहिले ते तीच गोष्ट ऐकणाऱ्यांच्या. परवा नळाचं पाणी गेलं तर आमच्या बाई म्हणाल्या, ‘आटलं!’ त्यानंतर मी निमूट हत्ती वाचते.

स्वतःसाठीच्या वाचनाचं विचाराल तर एक कादंबरी सुरू केली होती. पात्रांची नावं एवढी, की आठवड्याने परत उघडली तेव्हा कोण कुणाचा काका ते समजेना. सोडली. सध्या कविता वाचते. एका बैठकीत एक संपते, आणि लहान मूल असलेल्या घरात बैठक म्हणजे पाच मिनिटं.

ध्येयं बंद केलेला

तीन ओळींत उरकतो. मी ध्येय ठरवत नाही, यादी करत नाही, आणि पन्नासाव्या पानापर्यंत पुस्तकाने धरलं नाही तर ते परत करतो. या महिन्यात तशी बरीच परत केली. एक धरलं, ते अजून संपवत नाहीये, मुद्दाम.

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर

ध्येय: फिजिओने दिलेले व्यायाम रोज दोनदा. वाचन हे त्याचं बक्षीस. पाय उंचावर, वर बर्फाची पिशवी आणि हातात रहस्यकथा. बर्फ काढेपर्यंतच पान उलटायचं, असा नियम. खुनी कोण हे कळायला त्यामुळे अर्धा महिना लागला. मला वाटलं होतं तोच निघाला.

मला लिहायचंय ते चुकलेल्या दिवसांबद्दल. ‘21 दिवस केलं की सवय लागते’ असं शेजारपाजारचे सगळे सांगून गेले. त्या आकड्याचं मूळ मजेशीर आहे. मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनने 1960 मध्ये लिहिलं होतं की शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान 21 दिवस लागतात. ‘किमान’ वाटेत गळलं आणि चेहऱ्याच्या जागी व्यायाम आला. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांच्या गटाने 96 जणांना नवी सवय लावायला सांगून नोंदी ठेवल्या, तेव्हा मध्यक 66 दिवसांचा निघाला. त्यातही कुणाला 18 तर कुणाला 254 दिवसांचा अंदाज. खाण्यापिण्याच्या सवयींपेक्षा व्यायामाला जास्त वेळ लागला. आणि एखादा दिवस हुकल्याने सवय लागण्यात म्हणावा असा फरक पडला नाही.

हे शेवटचं वाचल्यावर मी तक्त्यावरच्या लाल फुल्या बंद केल्या. हुकलेल्या दिवसापुढे आता कारण लिहिते: ‘सूज’, ‘पाहुणे’, ‘कंटाळा’. महिन्याचा तक्ता फिजिओला दाखवला तेव्हा सूज कोणत्या व्यायामानंतर येते ते त्यांना त्यावरून कळलं आणि तो व्यायाम बदलला. फुल्यांवरून काय कळलं असतं? (एक महिना झाला, सवय लागलेली नाही. सांगून ठेवते.)

चाळिशीचा चष्मा

माझा प्रश्न साधा निघाला. वर्षभर ‘वाचनात मन लागत नाही, फोनने एकाग्रता घालवली’ म्हणत होतो. पुस्तक हात लांब करून धरतोय हे बायकोने दाखवलं. डोळ्यातलं भिंग वयानुसार ताठर होत जातं आणि जवळचं धूसर दिसतं, चाळिशीत हे जाणवतंच. नंबर काढला. एकाग्रता परत आली. तुमचं मन लागत नसेल तर निष्कर्ष काढण्याआधी डोळे तपासा.

उर्दू शिकणारी

ध्येय वर्षाचं आहे: उर्दू वाचता येणं. हिंदी कळते, त्यामुळे ऐकलेलं समजतं. अडचण लिपीची. या महिन्याचा टप्पा होता एक पूर्ण पान, कुणाच्याही मदतीशिवाय.

अक्षर शब्दाच्या सुरुवातीला वेगळं दिसतं, मध्ये वेगळं, शेवटी वेगळं. ते सरावाने जमतं. खरी परीक्षा ऱ्हस्व स्वरांची, कारण ते सहसा लिहीतच नाहीत. समोर व्यंजनं असतात आणि ‘इस’ की ‘उस’ हे वाक्य पुढे गेल्यावर ठरतं. त्यामुळे माझं वाचन म्हणजे दोन पावलं पुढे, एक मागे. शब्द लावायचा, वाक्य संपवायचं, अर्थ बसत नाही म्हणून परत येऊन स्वर बदलायचा. लिहिताना आणखी वेगळी तऱ्हा. ‘ज़’ या एका आवाजासाठी ज़ाल, ज़े, ज़्वाद आणि ज़ोय अशी चार अक्षरं. कोणत्या शब्दात कोणतं, हे पाठच करावं लागतं.

पान झालं. एका पानाला एक अख्खी दुपार गेली. इतकं सावकाश मी शाळेनंतर वाचलेलं नाही, आणि त्या पानातली उन्हाळ्याच्या सुट्टीची साधीशी गोष्ट मला अजून ओळीन्‌ओळ आठवते. काकांच्या एबिंगहाउसना ती कशी बसते ते काकांनीच सांगावं.

पुढच्या महिन्यात पानं वाढवणार नाहीये. तेच पान मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करायचंय. उच्चार तपासून देईल असं कुणी आहे का इथे?

रात्रपाळीची परिचारिका

उर्दू शिकणाऱ्या ताई, आमच्या वॉर्डातल्या एक सहकारी उर्दू माध्यमात शिकल्यात. उद्या ड्यूटीवर भेटतील तेव्हा विचारते. तोवर ध्वनिमुद्रण करून ठेवा, फक्त माझ्यासारखं रस्त्यावर उभं राहून करू नका.