घरच्या पत्रांतला अब आयवर्क्स
घरच्या पत्रांत ख्यालीखुशालीपलीकडे काय असणार, ॲनिमेटरची कारकीर्द त्याच्या चित्रांतूनच कळते, असं काही जण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. १९२८ मध्ये वॉल्ट डिस्नेने न्यूयॉर्कहून थोरला भाऊ रॉय आणि आपला ॲनिमेटर अब आयवर्क्स यांना लिहिलेली पत्रं बघा. 'स्टीमबोट विली' या मिकी माऊसच्या बोलक्या कार्टूनपटाचं पहिलं ध्वनिमुद्रण फसलं होतं, वाद्यवृंदाचा चित्राशी मेळच बसेना. मग ताल कळावा म्हणून फिल्मवर उसळता चेंडू दाखवून पुन्हा मुद्रण केलं. खर्चासाठी वॉल्टची लाडकी गाडीसुद्धा विकली गेली.

ती फिल्म मुख्यतः आयवर्क्सच्या हातची. त्याच वर्षी डिस्नेच्या कार्टूनपटांचा वितरक चार्ल्स मिंट्झ याने डिस्नेचे बहुतेक ॲनिमेटर फोडले, तेव्हा हा पठ्ठ्या जागचा हलला नव्हता. तोच जानेवारी १९३० मध्ये डिस्नेला सोडून गेला. मधल्या काळात काय बिनसलं, हे चित्रांवरून कसं कळणार?