उजनीआधीच्या भीमाकाठचा जुना टोपोशीट हवाय

भीमाकाठचा: मंडळी, आमचं मूळ गाव इंदापूर तालुक्यात, पळसदेवच्या अंगाला. उजनीत गेलं. आजोबा म्हणतात, नदी तेव्हा घरापासून बरीच लांब होती. धरणाआधीचा टोपोशीट, म्हणजे उंच-सखल भाग, नद्या, गावं दाखवणारा सविस्तर नकाशा मिळवून तो आजच्या सॅटेलाइट फोटोवर बसवायचाय. कुठून सुरुवात करू?

घाटवाट्या: टेक्सास विद्यापीठाच्या पेरी-कास्तान्येडा ग्रंथालयाच्या साइटवर अमेरिकी लष्कराची १९५०च्या दशकातली यू५०२ मालिका फुकट आहे. डाउनलोड करून ठेवाच.

समोच्च: पण तिची स्केल १:२,५०,०००. म्हणजे एका सेंटिमीटरात अडीच किलोमीटर. नदीचं वळण दिसेल, घर-शिवार विसरा. तुम्हाला सर्व्हे ऑफ इंडियाचा एक इंच = एक मैलवाला हवा. पळसदेव शीट क्रमांक ४७ जे/१६ मध्ये पडतं, भिगवण वरच्या ४७ जे/१५ मध्ये. आताच्या पोर्टलवर मिळतात ते नवे नकाशे, त्यात जलाशय भरलेला. जुनी आवृत्ती विद्यापीठांच्या भूगोल विभागात नाहीतर रद्दी-पुस्तकवाल्यांकडे विचारा. विकत घेताना सर्वेक्षणाचं वर्ष समासात बघा, छपाईचं नव्हे. विक्रेते हटकून छपाईचंच सांगतात.

भीमाकाठचा: आणि बुडालेली हद्द कशी ओळखू?

समोच्च: उजनीची पूर्ण पातळी ४९६.८३ मीटर, म्हणजे १६३० फूट. जुन्या शीटवर उंची फुटांत असते. १६०० आणि १६५० फुटांच्या दोन समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) शोधा, पाण्याची कड त्यांच्या मधे.

घाटवाट्या: क्यूजीआयएसमध्ये (नकाशांचं फुकट सॉफ्टवेअर) बसवताना जुन्या शीटचा डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजण्याचा पाया, एव्हरेस्ट आहे हे लक्षात ठेवा. तसाच टाकलात तर सगळं जागेवरून सरकतं. खुणेचे बिंदू, म्हणजे नकाशा आणि फोटो दोन्हींत सापडणाऱ्या जागा, कसे निवडाल हा खरा प्रश्न, कारण जुने रस्ते, विहिरी सगळं पाण्याखाली. डिकसळचा जुना रेल्वे पूल धरा. उजनीमुळे लोहमार्ग हलवला, पण जुन्या नकाशात गाडी त्याच पुलावरून जाते. पळसदेवचं जुनं मंदिर पाणी उतरलं की उघडं पडतं, म्हणून सॅटेलाइट फोटो दुष्काळातला घ्या, उदा. २०१६चा उन्हाळा.

काळी_माती: घराची जागाच हवी असेल तर टोपोशीटच्या नादी लागू नका. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात जुना गावनकाशा मागा. त्यात गट-सर्व्हे नंबर आणि गावठाणाची हद्द असते. आजोबांना सोबत न्या, शेजारच्या शेताचं नाव त्यांनाच आठवेल.

भीमाकाठचा: सातबाऱ्याचा जुना उतारा आहे घरात! सोमवारी जातो इंदापूरला.