१/४ हा १/३ पेक्षा मोठा वाटतो, काय करावं?

प्रश्न: चौथीची मुलं छेद मोठा दिसला की अपूर्णांकही मोठा समजतात. १/२ + १/३ चं उत्तर २/५ लिहितात. नियम पाठ आहेत, तरी चुकतात. सुरुवात कशापासून करावी?

प्रतिसाद: नियम बाजूला ठेवा, कागदाच्या पट्ट्या घ्या. प्रत्येकी २४ सेंमी लांब, सारख्या रुंदीच्या. २४ ला २, ३, ४, ६, ८ ने भाग जातो, म्हणून हीच लांबी सोयीची. अर्धा १२ सेंमी, तृतीयांश ८, चतुर्थांश ६. तीन भागांसाठी घड्या अंदाजाने घालू देऊ नका, भाग हमखास असमान होतात. मोजपट्टीने मोजून खुणा करा. तुकडे शेजारी ठेवण्याआधी कोणता मोठा ते मुलांना सांगू द्या. आणि खुणा नव्हे, भाग मोजायला लावा: चार भागांना तीनच रेघा लागतात, मुलं चार मारतात आणि पाच भाग करून बसतात.

प्रतिसाद: असमान भागांची चित्रंही मुद्दाम दाखवा. तीनपैकी एक रंगवला म्हणजे १/३ झालाच, हा समज तिथेच उघडा पडतो.

प्रतिसाद: बेरजेलाही त्याच पट्ट्या. १२ आणि ८ सेंमीचे तुकडे जोडले की २० होतात. २/५ म्हणजे ९.६ सेंमी, नुसत्या अर्ध्यापेक्षाही कमी! मग ४ सेंमीचे षष्ठांश त्यावर मांडा: अर्ध्यात ३, तृतीयांशात २, मिळून ५/६. समच्छेद, म्हणजे दोन्हींचे छेद सारखे, का करायचा, हे इथे डोळ्यांना दिसतं. तिरकस गुणाकार (एकाचा अंश गुणिले दुसऱ्याचा छेद) त्याआधी अजिबात नको.