पहिली प्रोग्रॅमिंग भाषा पायथनच असावी, सी नंतर

सांजवर्ग:
ज्याने आजवर एकही प्रोग्रॅम लिहिलेला नाही, त्या मुलाला आधी पायथन शिकवावी आणि पहिलं सत्र संपेपर्यंत सीला हात लावू देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. मी तालुक्याच्या गावी संध्याकाळी शिकवणी घेतो. येणारी बहुतेक मुलं डिप्लोमाची. एमएसबीटीईच्या, म्हणजे राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाच्या कॉम्प्युटर डिप्लोमात दुसऱ्या सत्राला सी असते, म्हणून मुलं येतात तीच सीचं पुस्तक घेऊन.

सुरुवातीला एकच गोष्ट जमायला हवी. डोक्यात आहे ती कृती ओळीने, न चुकता मांडता यायला हवी. सीमध्ये त्याच्या आधीच हेडर फाइल येते, मेन येतो, परसेंट डी येतो, स्कॅनएफमधला अँपरसँड येतो. हे कशासाठी, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: पुढे कळेल. हे उत्तर वारंवार ऐकलं की पोरं विचारणं सोडतात आणि प्रोग्रॅम पाठ करतात. मी दरवर्षी हे बघतो आणि मला त्याचा त्रास होतो.

त्यात कित्येक लॅबमध्ये सीसाठी अजून टर्बो सी++ हा जुना कंपायलर (प्रोग्रॅमचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारं साधन) चालतो, तोही जुनं डॉस चालवणाऱ्या डॉसबॉक्समध्ये. सीवरून निघालेल्या सी++ भाषेचं पहिलं आंतरराष्ट्रीय प्रमाणक १९९८ चं, हा कंपायलर त्याच्याही आधीचा. तिथे पूर्णांक ठेवणारा इंट १६ बिटांचा, म्हणजे शून्य-एकच्या १६ जागांचा, म्हणून ३२,७६७ च्या वर जात नाही. फॅक्टोरियलचा, म्हणजे १ पासून त्या आकड्यापर्यंतच्या सगळ्या आकड्यांच्या गुणाकाराचा प्रोग्रॅम सगळेच करतात. ७ चं उत्तर ५०४० बरोबर येतं. ८ टाकलं की ४०,३२० च्या जागी उणे २५,२१६. एरर काही नाही. मुलगी तासभर लूप (पुन्हा पुन्हा चालणाऱ्या ओळी) तपासत बसते आणि लूप बरोबरच असतो. पायथनला १०० चं फॅक्टोरियल विचारा, १५८ अंकी आकडा पूर्ण छापून देते.

कंट्रोलबोर्ड:
पूर्ण असहमत. मी चाकणला एम्बेडेडमध्ये, म्हणजे यंत्रांत बसणाऱ्या छोट्या कंट्रोलरच्या प्रोग्रॅमिंगमध्ये काम करते. उणे २५,२१६ हा आकडा मला हवाच आहे. ४०,३२० मधून ६५,५३६ वजा करा, तोच येतो. १६ बिटांत ६५,५३६ वेगवेगळे आकडे मावतात, त्यातले अर्धे ऋण. शिक्षकाने तिथेच खडू उचलला, तर त्या एका चुकीच्या उत्तरातून बिट, चिन्ह आणि मर्यादा तिन्ही कळतात. जीसीसी या नव्या कंपायलरवर इंट ३२ बिटांचा असतो, तिथे १३ च्या फॅक्टोरियलला हेच घडतं. तुमच्या १५८ अंकी आकड्याने कुठला प्रश्न पडतो? मूल खूश होऊन पुढे जातं.

आणि पायथनमध्ये 'पुढे कळेल' नसतं असं नाही. एक लिस्ट घ्या, ती दुसऱ्या नावाला द्या, दुसऱ्या नावाने एक आकडा वाढवा. पहिलीतही वाढलेला दिसतो. का? मेमरी आणि पत्ता हे शब्द उच्चारल्याशिवाय हे समजावता येत नाही. सीमध्ये पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता ठेवणारं व्हेरिएबल, शिकलेल्या मुलाला ते एका वाक्यात कळतं.

आमच्या कामातल्यासारखा छोटा बोर्ड घ्या, अर्डुइनो उनो आर३. त्यावर रॅम २ केबी आहे. पायथन तिथे मावत नाही.

सांजवर्ग:
ताई, शिक्षकाने खडू उचलला तर, असं तुम्ही म्हणता. माझा सगळा प्रश्न त्या 'तर' मध्ये आहे. बहुतेक ठिकाणी 'लाँग घे' (इंटपेक्षा मोठा प्रकार वापर) एवढंच सांगतात आणि पुढच्या प्रयोगाकडे वळतात.

पायथन आतल्या मर्यादा लपवते असं तुमचं म्हणणं दिसतं, पण लपवण्याचं म्हणाल तर सीही लपवते. पायथनमध्ये ०.१ आणि ०.२ ची बेरीज छापा. ०.३०००००००००००००००४ दिसतं आणि मुलं चमकतात. सीमध्ये परसेंट एफने छापा, ०.३०००००. दोन्हीकडे आत साठलेला आकडा तोच, फक्त सीने तो गोल करून दाखवला. तसंच दहा खणांच्या अ‍ॅरेत अकराव्या खणात लिहा. पायथन त्या ओळीचा क्रमांक देऊन थांबते. सी कधी थांबते, कधी शेजारच्या व्हेरिएबलची किंमत बदलून गप्प राहते. नवशिक्याने ती चूक शोधायची कशी?

ब्राउझरवाला:
तुम्ही दोघंही जावास्क्रिप्ट विसरलात. ब्राउझर सगळीकडे असतो, काही इन्स्टॉल करावं लागत नाही आणि केलेलं काम मित्राला फोनवर दाखवता येतं. मला ही भाषा या दाखवण्यामुळेच आवडली.

सांजवर्ग:
दाखवण्याचा मुद्दा पटतो. पण पडद्यावर काही दिसायला एचटीएमएलही हवं, म्हणजे पहिल्याच आठवड्यात दोन गोष्टी. शिवाय मजकुरातला ५ आणि आकडा ३ यांची बेरीज ती मुकाट ५३ करून देते. पायथन तिथे अडते, आणि नवशिक्याला अडवणारी भाषा हवी. माझ्याकडच्या निम्म्याअधिक पोरांकडे लॅपटॉप नाही, ती फोनवरच्या अ‍ॅपमध्ये पायथन चालवतात.

सेकंड इयर डिप्लोमा:
सर, मॅडम, मी सुट्टीत पायथन केली आणि मग सत्रात सी. लूप आणि फंक्शन अजिबात जड गेले नाहीत. वर्गातली मुलं पडद्यावर * चिन्हांचे त्रिकोण छापायचे प्रोग्रॅम पाठ करत होती, मी ते स्वतः लिहीत होते. पण स्ट्रिंगने, म्हणजे मजकुराने रडवलं. दोन शब्द सारखे आहेत का, हे मी पायथनच्या सवयीने दोन बरोबरच्या चिन्हांनी तपासलं. कंपाइल झालं, पण उत्तर कायम नाहीच. सी तिथे शब्द न ताडता पत्ते ताडते, हे फार उशिरा कळलं. आणि परीक्षेत प्रोग्रॅम कागदावर लिहायचा असतो. माझे गुण डिक्लरेशन (व्हेरिएबलचा प्रकार आधी सांगणारी ओळ) विसरल्याने गेले.

कंट्रोलबोर्ड:
बघा. हेच सांगत होते.

निवृत्त प्राध्यापिका:
थोडा इतिहास सांगते, कारण तो इथे लागू पडतो. बेसिक १९६४ साली डार्टमथ कॉलेजात केमेनी आणि कुर्ट्झ यांनी विद्यार्थ्यांसाठी केली. पास्कल १९७० ची, व्हिर्ट यांची, तीही शिकवण्यासाठी. सी बेल लॅब्जमध्ये १९७२ च्या सुमारास डेनिस रिची यांनी युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कामासाठी घडवली. ती जाणत्यांसाठी होती आणि त्या कामाला ती उत्तम आहे. पायथनवर अ‍ॅमस्टरडॅमच्या एबीसी या भाषेचा संस्कार आहे आणि एबीसी नवख्यांसाठी होती. सीला पहिली भाषा आपण अभ्यासक्रमात बसवून केलं. पुणे विद्यापीठाने २०१९ च्या अभियांत्रिकी अभ्यासक्रमात पहिल्याच वर्षाला पायथन आणली, तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांबद्दल मात्र इथे कोणी बोललं नाही. त्यांना लॉजिक अडत नाही, इंग्रजी एरर अडतो. पायथन ३ मध्ये व्हेरिएबलचं नाव चक्क 'बेरीज' ठेवता येतं. वापरणाऱ्याने '१२' देवनागरीत टाइप केलं तरी ती त्याचा आकडा करते. मुलांनी हे पहिल्यांदा पाहिलं की वर्गाचा नूर बदलतो. सी शिकायचीच असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये तिचे धडे मराठीत आहेत, तेही वापरा.

कंट्रोलबोर्ड:
मॅडम, मराठीचा विषय काढलात म्हणून. 'नमस्कार' ची लांबी पायथनला विचारा, ७ सांगते. सीच्या स्ट्रिंग लेंग्थला विचारा, यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत २१ बाइट येतात. न, म, स, हलन्त, क, काना, र अशी सात चिन्हं आणि प्रत्येकाला तीन बाइट. आपली लिपी मेमरीत कशी बसते, हे त्या २१ ने कळतं. मराठी मुलीला हे पहिल्या वर्षातच कळायला हवं असं मला फार वाटतं.

निवृत्त प्राध्यापिका:
पण ती मुलगी स्वतः मोजते तेव्हा न-म-स्का-र, चारच. ७ बघूनसुद्धा ती विचारणारच, बाकीची तीन आली कुठून. प्रश्न पायथननेही पाडला. २१ पर्यंत तिला दुसऱ्या सत्रात न्या.

सांजवर्ग:
सेकंड इयर, तुझ्यासाठी वेगळं लिहितो. पायथनने तुझं नुकसान केलेलं नाही, दोन भाषांच्या मधला पूल कोणी बांधून दिला नाही. माझ्या वर्गात सी सुरू करताना पहिले काही दिवस मुलं स्वतःचेच जुने पायथन प्रोग्रॅम सीमध्ये उतरवतात, तेही वहीत, पेनने, डिक्लरेशनसकट. स्ट्रिंग ताडण्याचा सापळा मी तेव्हाच मुद्दाम टाकतो.

कंट्रोलबोर्ड:
पूल बांधणारा शिक्षक मिळाला तर तुमचा क्रम चालेल. पण मघाशी शिक्षक खडू उचलत नाही म्हणून तुम्ही माझा क्रम नाकारलात, मग तो पूल तरी कोण बांधणार? नुसत्या पुस्तकावर शिकणाऱ्या मुलीला मी आजही सीच घे म्हणेन, जीसीसीवर, टर्बोवर नाही.

सांजवर्ग:
टर्बोबद्दल एकमत. बाकी, पुस्तकावर एकटी शिकणारी मुलगी पहिल्याच सेगमेंटेशन फॉल्टला (मेमरीतल्या नको त्या जागेला हात लागून प्रोग्रॅम बंद पडतो तेव्हा) पुस्तक मिटते, म्हणून तर मी तिला पायथन देतो.